गॅलरीतला गवती चहा

आपण चहात घालतो तो गवती चहा, म्हणजे सिम्बोपोगॉन सिट्रॅटस, क्वचितच फुलोऱ्यावर येतो. त्यामुळे बी शोधण्यात अर्थ नाही, लागवड फुटव्यांवरूनच, म्हणजे बुडासकट काढलेल्या कोंबांवरूनच करायची. फुटवा मिळण्याचं सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे भाजीबाजार. अडचण एवढीच की जुड्या बहुतेक नुसत्या पातीच्या असतात. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, तिथे तर तशाच मिळतात. म्हणून ठाणे स्टेशनकडे गेले की जांभळी नाक्याच्या मंडईत विचारायचे. एका मावशींना म्हटलं, "मावशी, बुडासकट मिळेल का?" त्या म्हणाल्या, "बूड कशाला? चहात पातच घालतात." लावायचाय म्हटल्यावर मात्र त्यांनी लक्षात ठेवलं आणि पुढच्या खेपेला चांगले जाड फुटवे बाजूला काढून ठेवले होते. पैसे साध्या जुडीचेच घेतले!

नर्सरीतही रोप मिळतं, पण पान चुरडून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. सिट्रोनेला नावाचं त्याच्याच जातकुळीतलं गवत दिसायला थेट तसंच असतं. त्याच्या बुडाला लालसर-जांभळी झाक असते आणि वास डास पळवायच्या मलमाकडे जाणारा. गवती चहाचं बूड पांढरट हिरवं, वास स्वच्छ लिंबाचा.

घरी आणल्यावर पाती वीतभर ठेवून वरचा भाग छाटला आणि बुडं दोन बोटं पाण्यात राहतील अशी ग्लासात उभी केली. पाणी एक दिवसाआड बदललं. बुडाच्या कडेने आधी पांढरे टिपके उठले, मग त्यातून मुळं सुटली. ती बोटभर झाल्यावर फुटवे कुंडीत लावले. कुंडी रुंद हवी, कारण हे गवत खोल जाण्यापेक्षा आडवं पसरतं. निम्मी लाल माती, उरलेल्यात शेणखत आणि कोकोपीट. तळाची भोकं मोकळी आहेत ना, हे दोनदा बघावं, कारण ठाण्याचा जुलै कुंडीत पाणी साचलेलं खपवून घेत नाही.

या झाडाला ऊन लागतं, आणि भरपूर लागतं. आमची गॅलरी पश्चिमेची, दुपारनंतर तापते. तुळससुद्धा मान टाकते तिथे हा मजेत असतो. एप्रिल-मेमध्ये शेंडे करपतात, पण रोज पाणी आणि मातीवर सुक्या पातीचा थर एवढ्यावर तो उन्हाळा काढतो. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेऱ्याचे, म्हणजे एका बुरशीच्या रोगाचे, तपकिरी ठिपके दिसले की ती पानं काढून कचऱ्यात टाकायची, कुंडीत नाही. थंडीत वाढ जरा मंदावते, तेवढंच.

माझं ठाम मत आहे की गवती चहा जपायचा नसतो, कापायचा असतो. आमच्या मजल्यावरच्या काकूंचं ठोंब शोभेला ठेवल्यासारखं होतं. आत सुकलेली पात अडकून बसली होती आणि नवा फुटवा वर येत नव्हता. मी माझा जमिनीपासून चार बोटं ठेवून कापते, बाहेरच्या बाजूने आत. पातीची कड करवतीसारखी असते, बोटावरून उलटी फिरली तर बारीक चीर पडते आणि ती दिवसभर चुरचुरते. म्हणून ओढायची नाही, मूठ धरून कात्रीने कापायची. कापल्यावर गांडूळखत दिलं की आठवड्याभरात मधून नवे पोपटी कोंब दिसतात.

शेतात एक ठोंब चार-पाच वर्षं चालतं. कुंडीत तेवढी जागा नसते. घातलेलं पाणी मातीत न मुरता कडेने थेट खाली येऊ लागलं की आत मुळंच मुळं झालीत असं समजावं. मग जूनच्या पहिल्या सरींनंतर कुंडी आडवी करायची, ठोंब उपटायचं आणि जुन्या सुरीने त्याचे भाग करायचे, प्रत्येकात तीन-चार फुटवे. मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यायचा. काकूंचं ठोंबही असंच फोडलं. सोसायटीच्या कुंपणालगत लावलेले तुकडे आता वॉचमनकाका स्वतः कापतात आणि रात्रपाळीच्या चहात घालतात.

चहासाठी पात आधी पाण्यात, झाकण ठेवून उकळावी. लिंबाचा वास सिट्रालचा, म्हणजे पातीच्या तेलातल्या सुगंधी द्रव्याचा, आणि ते उडून जाणारं आहे. उघड्या पातेल्यात ते घरभर पसरतं आणि कपात कमी उतरतं. वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. फाटलंच तर बहुधा कच्च्या आल्याने, म्हणून आलंही पातीबरोबरच उकळून घ्यावं. जास्तीची पात सावलीत सुकवून बरणीत भरते.

बुडाकडचा पांढरा भाग मात्र आपल्याकडे वाया जातो याचं मला वाईट वाटतं. वरची दोन आवरणं सोलली की आतला गाभा कोवळा लागतो. तो बारीक चिरून हिरवी मिरची, आलं, लसूण आणि कोथिंबिरीच्या देठांबरोबर वाटायचा आणि नारळाच्या दुधातल्या कोलंबीला किंवा लाल भोपळ्याला लावायचा. चिरताना आडवे, अगदी पातळ काप करावेत, नाहीतर धागे दातात येतात. उरलेलं वाटण मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एका भाजीला दोन खडे पुरतात.