चार पिल्लं आणि त्यांची आई

आमच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रं हा प्राणी कागदावर जवळजवळ नसतोच. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, शेळ्यांची पीपीआर, या लसी वरून येतात. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना रक्ताची हगवण लावणारा विषाणूचा आजार, त्याची लस लोकांनी मेडिकलमधून बर्फात घालून आणायची. माझं काम म्हणजे कृत्रिम रेतन, अडलेली गाय, विम्यासाठी शवविच्छेदन आणि वाघ-बिबट्यानं जनावर मारलं की पंचनाम्याला सही. उमरेड-भिवापूरचा पट्टा, पलीकडे कऱ्हांडल्याचं जंगल, त्यामुळे ही सही वरचेवर लागते. तरीही गेल्या दीड वर्षात माझ्या डोक्यात सर्वात जास्त घोळलेली केस एका गावठी कुत्रीची आहे.

सुरुवात ऑगस्टमध्ये झाली. शेतावर घर असलेला एक मिरचीवाला शेतकरी रॉटविलरचं पिल्लू पोत्यात गुंडाळून घेऊन आला. घरात अकरा वर्षांचा मुलगा, साडेचार वर्षांची मुलगी. पिल्लू 14 हजाराचं. ‘45 दिवसांचं आहे जी, लिहून देल्लं.’ मी ओठ उचलून पाहिला. पुढचे दात नुकते टोचत होते, दाढांचा पत्ता नव्हता. 45 दिवसांच्या पिल्लाचे दुधाचे दात बहुतेक सगळे वर आलेले असतात. हे जेमतेम महिन्याचं. आईपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळत नाही, आणि किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो हे त्याला कळत नाही. पुढे हा धडा ते पोरांच्या हातांवर शिकतं. पण या पिल्लाला तेवढा वेळच मिळाला नाही. रक्ताची हगवण, उलट्या, आणि तो वास. पार्व्होचा वास एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. एवढ्या लहान शिरेला चालेल अशी सुई दवाखान्यात मिळत नाही. मी पदरच्या पैशानं ठेवते. सलाईन चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सकाळी तो रिकामं पोतं घेऊन औषधाचे पैसे द्यायला आला.

रॉटविलरच का, विचारलं तर म्हणाला, बिबट येतो. बिबट्या जात विचारत नाही. रात्री अंगणात साखळीनं बांधलेलं कुत्रं, मग ते कितीचंही असो, त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट असतं. मार्च 2024 मध्ये केंद्रानं कुत्र्यांच्या 23 हिंस्र जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, त्यात रॉटविलर होता. ते कोर्टात टिकलं नाही, पण विकणाऱ्याला आयती जाहिरात मिळाली. ‘बंदीवाला माल’ म्हणून त्यानं दोन हजार जास्त घेतले होते.

मी त्यांना बजावलं, वर्षभर घरात पिल्लू आणू नका. हा विषाणू सावलीच्या ओल्या जागी महिनोन् महिने तग धरतो, फिनाईलला दाद देत नाही. ब्लीचिंगनं जातो, पण शेणानं सारवलेल्या पडवीला ब्लीचिंग कुठवर मारणार?

डिसेंबरात तो पुन्हा आला. ‘लेकरू रोज रडते मॅडम. आता तुमीच निवडून द्या.’ तुम्हीच म्हटल्यावर मी फुगले, हे कबूल करते. चार महिन्यांपूर्वीचा माझाच सल्ला मी वळवला: आता निवडू, पण सगळे डोस होईस्तोवर, म्हणजे सोळा आठवड्यांपर्यंत, पिल्लू आईजवळच राहील. पिल्लाला माणसांची, आवाजांची, पोरांची सवय व्हायची ती नेमकी याच आठवड्यांत. हे मला ठाऊक होतं. तरी बोलून बसले.

रविवारी आम्ही शेजारच्या गावी गेलो. एका घराच्या गोठ्यामागे, तणसाच्या गंजीखाली तांबड्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती, सात आठवड्यांची. तिला मालक कोणी नव्हता, भाकर तीन घरची. दुपारी ती झेडपीच्या शाळेत खिचडीच्या पंगतीजवळ पडून असायची. उजवा कान फाटलेला.

पिल्लू निवडणं हे मला मनापासून आवडणारं काम. एकेकाला भावंडांपासून दूर, अनोळखी जागी ठेवायचं. आपण चार पावलांवर उकिडवं बसून हलकी टाळी वाजवायची; येतं का, शेपटी वर की खाली, हातावर झेप घेतं की पायाशी थांबतं. मग उताणं करून छातीवर तळहात ठेवायचा आणि तीस मोजायचे. थोडं तडफडून सैल पडणारं चांगलं. शेवटपर्यंत हात चावत राहणारं लहान पोरांच्या घरी नको, आणि पहिल्या सेकंदाला लाकडासारखं होणारंही नको. मग मागे स्टीलचं झाकण पाडायचं. दचकायला हरकत नाही. दचकून पुन्हा झाकण हुंगायला येतं का, हे बघायचं.

पहिलं पिल्लू माझ्या ओढणीला लोंबकळलं. दुसरं तीस होईपर्यंत चावत होतं. तिसरं झाकण पडल्यावर गंजीत घुसलं ते बाहेरच येईना. चौथं टाळीला सावकाश आलं, उताणं केल्यावर मऊ पडलं, झाकणाकडे मान वळवून शांत बसलं. मुलीनं त्याला मांडीवर घेतलं, तरी हूं की चूं नाही. पोट टम्म म्हणून तिनं नाव ठेवलं ढेरपोट्या. बाप म्हणाला, ‘ह्येच देऊन द्या जी.’ मी मान डोलावली. मुलांच्या आजीनं कुंकवाची डबीसुद्धा आणली होती.

पिशवी आवरताना निव्वळ सवयीनं मी त्याचा ओठ उचलला. हिरडी पांढरीफटक. बोट दाबून सोडलं, तर जागा पांढरीची पांढरीच. शेपटीखाली डांबरासारखं काळं चिकटलेलं. पोटात जंत, बहुधा आईच्या दुधातून आलेले हुकवर्म, रक्त पिऊन राहिलेले. शांत स्वभावाचं नव्हतं ते, त्याच्यात उठायचं बळच नव्हतं. अर्धा तास मी जिला स्वभावाची परीक्षा समजत होते ती एका अशक्त जिवाची परीक्षा होती. पोट टम्म आहे हे साडेचार वर्षांच्या पोरीनं मोठ्यानं सांगितलं, मी हसले होते. आधी हिरडी, मग टाळी, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

चौघांना जंताचं औषध पाजलं, ढेरपोट्याला लोहाचे थेंब. ‘मंग कोनतं?’ बाप विचारत होता. तेव्हा माझं लक्ष आईकडे गेलं. एवढा वेळ एक परकी बाई तिची पिल्लं उचलून उताणी करत होती, आणि ती मुलीच्या गुडघ्याला पाठ टेकवून बसली होती. माझा हात दोनदा हुंगून तिनं विषय संपवला होता. सुळे बघता तीनेक वर्षांची. रस्त्यावर एवढी जगली म्हणजे पार्व्हो तिनं बहुधा पचवलेला, लस द्यायची ती वेगळीच. आणि मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, अंदाज करावा लागत नाही.

‘हिला न्या,’ मी म्हटलं.

‘गावठी? अन् फुकटची?’ त्याचा चेहरा असा झाला, जणू मी कुजकं वांगं हातात दिलं. आजी म्हणाली, ‘तिची माया पोट्ट्याइवर हाय, घेऊन चाल.’ आजीपुढे त्याचं चाललं नाही. पिल्लं सुटी झाल्यावर कुत्रीचं ऑपरेशन नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं, रेबीजचं इंजेक्शन मी दिलं. ढेरपोट्याला मी ठेवून घेतलं. तीन आठवड्यांत हिरड्या गुलाबी झाल्या, आणि आमच्या परिचराच्या दोन चपला संपल्या. आता तो दवाखान्याच्या आवारात कोंबड्यांचा काळ आहे. त्या घरी गेला असता तर पोरीला दिवसातून दहादा पाडलं असतं.

मार्चमध्ये फोन आला. ‘मॅडम, तुमची कुत्री पोरीवर गुरगुरली.’ तुमची! मी गेले. मुलानं सगळं नीट सांगितलं. या पोराची नजर चांगली आहे. कुत्री भात खात होती, बहीण मागून गळ्यात पडली. कुत्रीनं आधी तोंड फिरवलं, मग नाक चाटलं, मग डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवला, आणि हे सगळं होऊनही पोर हलेना तेव्हा गुरगुरली. म्हणजे चार वेळा सांगितलं, सभ्यपणे. बापानं तिला तुतारीनं झोडपलं होतं. बैलाला टोचायची तुतारी, पाठीवर वळ दिसत होते.

मी सांगायचं ते सांगितलं. गुरगुरणं म्हणजे चावायच्या आधीची सूचना, तिला मारू नका. जेवण वेगळ्या जागी द्या. पोर आणि कुत्रं, मोठं माणूस नसताना एकत्र ठेवू नका, कुत्रं देवासारखं असलं तरी. तो मान हलवत होता. शिकलेली बाई बोलते तेव्हा हलवतात तशी. डिसेंबरात मी कुत्रीचे दात पाहिले, हिरड्या पाहिल्या. या घरात राग आला की कोण काय हातात घेतं, हे पाहिलं नाही.

गेल्या गुरुवारी लसीकरणाच्या फेरीत पुन्हा त्या बाजूला गेले. बाप खुशीत होता. ‘आता बिलकुल गुरगुरत नाई जी. सुधारली.’

मी ताटली मागवली, मुलीला आजीजवळ बसवायला सांगितलं. कुत्रीनं खायला मान घातली आणि पोर आजीच्या हातातून सुटली, धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. कुत्रीचं खाणं थांबलं. शेपटी ताठ, अंग फळकुटासारखं, ओठ बंद. नाक चाटलं नाही, तोंड फिरवलं नाही. आवाज तर नाहीच.

मी मुलीला काखेत धरून उचललं. ‘पाहा, हूं नाई की चूं नाई,’ बाप मागून म्हणाला. ताटलीभोवती जाळी करून द्यायचं मुलानं कबूल केलं आहे, त्याच्या मापाचा कागद माझ्या पिशवीत आहे. सोमवारी गावातल्या वेल्डरकडे देईन.