बैलाच्या पोटातल्या चिठ्ठ्या

उघड्यावरच्या ब्राँझ मूर्तींची निगा राखणं हे माझं काम, त्यात बऱ्याचदा साबण, मऊ ब्रश, मेण एवढंच असतं. पण हा बैल अजून डोक्यातून जात नाहीये.

प्रार्थनेच्या बागेतला, पाय दुमडून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. ताकदीचं प्रतीक म्हणून बैल घ्यायचा आणि मग त्याला बसवून शांत करायचं, ही शिल्पकाराची खरी कमाल. समितीच्या तक्रारी दोन, लोकांनी हात फिरवून कपाळ पिवळंधमक केलंय ते 'एकसारखं' करा आणि पोटाखाली हिरवे डाग का येतात बघा.

आता हिरवं म्हणजे वाईटच असं नाही. घट्ट बसलेला हिरवा थर उलट धातूला सांभाळतो. पण नखाने खरवडल्यावर पिठासारखी पडणारी फिकट पूड म्हणजे क्लोराइडचा रोग, ओल मिळाली की तो धातू खातच राहतो, आणि लोक काय करतात तर वरून पॉलिश मारतात! मग ओल कुठून येतेय ते शोधलं. अशी मूर्ती आतून पोकळ असते, भिंत जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे आत गेलेलं पाणी निघायला सगळ्यात खाली एक भोक ठेवतात. ते बुजलेलं होतं. तार घातली, आधी काळं पाणी आलं, मागोमाग लगदा. कागदाचा. चिमट्याने ओढत गेलो तर घड्याच घड्या, काहींवर शाई अजून निळी.

नाकपुड्या आरपार होत्या. लोक त्यातून चिठ्ठ्या टाकत होते, किती वर्षं कुणास ठाऊक. कागदाने ओल धरली, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगला आणि पोटाला तडा गेला. मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू.

समितीतले एक गृहस्थ 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे झाले. अहो, प्रार्थनेसाठी बाग तुम्हीच बांधलीत ना? जपानात तेनमांगू मंदिरांमध्ये असेच बसलेले बैल असतात, आपलं जे दुखतं तोच त्याच्या अंगाचा भाग हाताने चोळायचा. फ्लॉरेन्सच्या बाजारातल्या रानडुकराचं नाक तर चोळून चोळून चकाकतं, तेही प्रतिकृतीचं, शिल्पकार पिएत्रो ताक्काचं मूळ ब्राँझ म्यूझियममध्ये आहे. हातांनी धातू झिजतो हे मलाही कळतं हो. पण कपाळ झाकलं की त्या बैलाचं निम्मं काम गेलं असं मला वाटलं.

मग नाकपुड्यांच्या आत स्टीलची जाळी बसवली, सांगाडा साफ केला, तडा भरला, मेण लावलं. कपाळाचं मात्र 'तिथे रंग धरत नाही' म्हणून सांगून टाकलं. साफ खोटं. गॅसच्या टॉर्चने तापवून फेरिक नायट्रेट मारलं असतं तर तपकिरी व्हायला कितीसा वेळ लागतो! असं खोटं बोलायचा मला हक्क होता का, हे अजून ठरत नाहीये.

परवा समितीचा फोन, लोक आता कानात चिठ्ठ्या खोचतात, तिथेही जाळी बसेल का? म्हटलं, कान आतून बंद आहे, पावसाने आपोआप निघतील, राहू द्या.