डिकी रिकामी होती

"दादा, मी डिपरवरच असतो, तरी समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारतो." अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ भरदुपारी माझ्या गॅरेजात आले. डिपर म्हणजे खाली झुकलेला उजेड, अप्पर म्हणजे लांबवर जाणारा; समोरच्याचे डोळे दिपले की तो अप्पर मारून इशारा देतो.

लाइट सेट करणं म्हणजे दोन स्क्रू पिळणं, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या धंद्यातलेही काही जण भिंतीकडे न बघताच पिळतात. मी चारही टायरची हवा पाहिली, गाडी सपाट फरशीवर घेतली, पुढून-मागून दाबून सस्पेन्शन बसू दिलं, त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवलं. भिंत बरोबर 10 मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर मांडली आणि तिच्या 10 सेंटिमीटर खाली चिकटपट्टी लावली. डिपरच्या उजेडाची वरची कड या पट्टीवर टेकायला हवी, म्हणजे 1 टक्का उतार. कड किंचित वर होती, ती दोन्ही दिव्यांची आणून टेकवली.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. काहीच फरक नाही म्हणाले. मला पटेना. म्हटलं, रात्री जसे निघता तसेच या.

संध्याकाळी आले तेव्हा डिकीत दोन मोठे स्पीकर, अँप्लिफायर आणि वायरींची जड पेटी. चाकाच्या कमानीपाशी टेप धरली, तर मागची बाजू 5 सेंटिमीटर बसलेली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, म्हणजे गाडीचं नाक 2 टक्के वर. माझा 1 टक्का उतार जाऊन उलट 1 टक्का चढ झाला होता. भिंतीवर कड पट्टीच्या 20 सेंटिमीटर वर. 50 मीटरवर तोच उजेड दिव्याच्या अर्धा मीटर वर जातो, थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत.

यासाठीच बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असतं. त्यांना ते कशाचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. 3 वर नेलं. उजवा दिवा बारीक घरघर करत खाली आला. डावा हललाच नाही. बॉनेट उघडलं, तर तो दिवा वर-खाली करणाऱ्या मोटरचा सॉकेट सुटून लोंबकळत होता. बल्ब बदलताना कुणीतरी काढला आणि परत बसवायची तसदी घेतली नाही, याचा मला अजून राग आहे. सॉकेट बसवला, चाक पुन्हा फिरवलं, दोन्ही कडा पट्टीवर आल्या.

गृहस्थ खूश होऊन गेले. पण पहिल्या दुपारी मी ते चाक फिरवून पाहिलं नव्हतं, डिकीत काय असतं तेही विचारलं नव्हतं. मधल्या दोन्ही रात्री ते त्याच उजेडात रस्त्यावर होते.