भरंनाशी झालेली जखम

साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मी आठवड्यातून एकदा स्किनची ओपीडी बघते. हंगामात निम्मी गर्दी ऊसतोडवाल्यांची, खाज, गजकर्ण, पाचटाने कापलेले हात, तेच ते. त्या दिवशी बीडकडची एक बाई आली, तिशीच्या आसपासची, साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, केस पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या, उजेडात डोळे उघडवत नव्हते आणि बुबुळं सारखी हलत होती. अल्बिनिझम, म्हणजे कातडी-केसांत रंगच नसणं, जन्मापासूनचा.

कानाच्या पाळीवर जखम. कडा जाड, वर उचललेल्या, हात लावला की रक्त.

"भरंनाच म्याडम, दसऱ्याच्या आधीपास्नं हाय. मलम झालं, इंजेक्शनं झाली, हळद भरली."

कॅन्सर असेल तर पसरलाय का म्हणून मी मान चाचपून बघितली, गाठ लागली नाही तेव्हा जरा हायसं वाटलं. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आला तोच ज्याची भीती होती, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कातडीचा कॅन्सर. आपल्या सावळ्या कातडीत हा कॅन्सर उन्हामुळे क्वचित होतो, कारण मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसलेलं असतं आणि अतिनील किरण आत डीएनएपर्यंत कमी पोचतात. तिच्यात ते बनतच नाही. लोक याला कोड म्हणतात, ते कोड नाही. आणि इतक्या ठिकाणी जखम दाखवून झाली तरी ऊन टाळ असं तिला कुणी एकदाही सांगितलं नव्हतं, याचा मला फार राग आला, अजून येतो.

तुकडा काढला त्याच दिवशी दाराबाहेर तिचा पोरगा दिसला. सहा-सात वर्षांचा, तसेच पांढरे केस, अंगात नुसता बनियन, भर दुपारच्या उन्हात खेळत होता आणि खांदे लालभडक, कातडी सोललेली. नवरा तिच्या आत्याचाच मुलगा, म्हणजे जीन दोन्हीकडून आलेला. तिच्या कानाला जे झालं ते टाळायला याच्याकडे अजून वेळ होता, म्हणून बाहेर रांग वाढत असतानाही मी त्या दोघांना घेऊन बसले.

सनस्क्रीन लिहून देणं सोपं आहे हो. एसपीएफ ३०च्या वरचं, दर दोन तासांनी, घाम आला की परत. पण चेहरा, मान, कान, हात असं नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही पुरत नाही, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडणाऱ्या माणसाने ती आणायची कुठून? म्हणून आधी कपडे. ती रुमाल बांधायची तो कानांच्या मागून, त्यामुळे कान कायम उघडे. मी तिला कानावरून, मानेवरून घेऊन बांधायला लावला. विरलेला पांढरा शर्ट नको, घट्ट विणीचा गडद रंगाचा हवा, गरम होतं पण ऊन अडतं. घामाने ओला झालेला पातळ सुती कपडा तर ऊन आणखीच आत सोडतो. गांधी टोपीने कान झाकत नाहीत, पोराला चारी बाजूंनी काठ असलेली टोपी घ्या. दहा ते चार उन्हात नको, आणि पोराकडे घड्याळ कुठलं, म्हणून त्याला सांगितलं, तुझी सावली तुझ्यापेक्षा बुटकी झाली की कोपीत (झोपडीत) पळायचं, ढग असले तरी. त्याला ते लगेच पटलं, तिथल्या तिथे पायाशी सावली बघायला लागला!

रिपोर्ट घेऊन तिला पुण्याला ऑपरेशनला पाठवलं. मुकादमाला फोन केला, आधी कुरकुरला, मग म्हणाला पहाटेच्या मोळ्या बांधू दे, दुपारी नको. शब्द पाळेल का नाही सांगता येत नाही. दिव्यांग दाखल्यासाठी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली, कारण अल्बिनिझममध्ये नजर कमी असते आणि कमी दृष्टीसाठी दाखला मिळू शकतो. आणि ऊसतोडवाल्यांच्या मुलांच्या साखरशाळेतल्या गुरुजींना वेगळी चिठ्ठी, याला पहिल्या बाकावर बसवा, खेळाचा तास सावलीत घ्या, टोपी वर्गातही काढायला लावू नका.