मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला व्हिडिओच द्या

अर्धं वर्गात आणि अर्धं घरी आपलं आपण, अशा ब्लेंडेड पद्धतीने शिकवायला लागलं की कोणीतरी हे म्हणतंच, म्हणजे मला बघूनच चांगलं कळतं. मुलं मनापासून म्हणतात आणि आवड प्रत्येकाची असतेच, पण आवडतं म्हणून जास्त डोक्यात शिरतं असं होत नाही ना. नील फ्लेमिंग या न्यूझीलंडच्या शिक्षकाने १९९२ च्या सुमारास व्हार्क मांडलं, म्हणजे शिकण्याच्या चार स्टाइल: बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताने करून, आणि शाळाशाळांत मुलांना तीच लेबलं लागली. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तर स्टाइलप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावाच सापडला नाही. आणि खरंच, उच्चार ऐकूनच शिकावे लागतात, भूमितीला आकृती लागतेच, मग मूल कुठल्याही स्टाइलचं असो.

मला मुलांमधला खरा फरक दिसतो तो घरच्या अभ्यासात, कारण तिथे थांबवणारं, विचारणारं कोणी नसतं. एक जण व्हिडिओ दीडच्या स्पीडने पळवतो आणि संपला की टॉपिक झाला म्हणतो, दुसरी मधेच पॉज करते, गणित वहीत स्वतः सोडवून बघते, अडली की मागे जाते, आणि वर्गात येताना नेमकी शंका घेऊन येते. दोघांनी व्हिडिओ तोच बघितलेला असतो!

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग तर प्रत्येक पालकाला सांगावासा वाटतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. परत वाचताना, व्हिडिओ परत बघताना सगळं ओळखीचं वाटतं आणि मुलं तिथेच फसतात हो, परीक्षेत मग पेन अडतं.

म्हणून मी व्हिडिओसोबत २-३ प्रश्न देते आणि वर्गात आल्या आल्या वही बंद ठेवून उत्तरं लिहायला लावते, मार्क नाहीत, फक्त कुठे अडतंय ते कळायला. त्यावरून तासाचं ठरतं. ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांच्यासोबत मी सोडवलेली उदाहरणं एकेक पायरी करून बघते, ज्यांना जमतंय त्यांना सरळ नवीन गणित देते. आणि स्टाइल कुठली हे मी विचारतच नाही, विचारते की व्हिडिओ कुठे थांबवलास आणि का.