राजांगण, पाऊस आणि बुजलेला पाट

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी राखलेले असते. ते सत्र मी पणजीतल्या एका लहान कार्यालयात काढले आणि तेथे माझ्या वाट्याला आलेले पहिले स्वतंत्र काम ऐकायला अगदी साधे होते. फोंडा तालुक्यात कुळागराला, म्हणजे पोफळींच्या बागेला लागून असलेल्या एका जुन्या घराचे मोजमाप घ्यायचे, त्याचे नकाशे काढायचे आणि घराच्या मधोमध असलेल्या राजांगणावर, म्हणजे उघड्या चौकावर, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर कसे बसवता येईल ते दाखवायचे. पाऊस राजांगणात पडतो म्हणून भोवतालच्या भिंती ओल धरतात, तेव्हा पावसाला आत येऊच दिले नाही की प्रश्न मिटला, असे मालकांचे म्हणणे होते. मालक म्हणजे तीन भाऊ. एक घरी राहणारा, एक मुंबईला, एक बंगळुरूला. जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसाहक्काच्या नियमांमुळे गोव्यात घरे अशी अनेकांच्या नावावर राहतात आणि एक कौल बदलायचे म्हटले तरी तिघांची संमती लागते. या वेळी छपरावर मात्र तिघांचेही एकमत झाले होते.

तोवर कॉलेजात मी केलेल्या प्रकल्पांविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी बसथांबा, दुसऱ्या वर्षी उतारावरचे एका कुटुंबाचे घर, तिसऱ्या वर्षी मासळी बाजार आणि चौथ्या वर्षी नदीकाठचे हॉटेल, असा तो प्रवास होता. हाताने काढलेल्या नकाशांपासून ऑटोकॅड, स्केचअप या संगणकीय साधनांपर्यंत आणि त्यापुढे रेंडरिंगपर्यंत, म्हणजे इमारतीच्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांपर्यंत, माझा हात बरा बसला होता आणि पोर्टफोलिओ पाहणाऱ्यांचे लक्ष हॉटेलच्या काचेच्या दर्शनी भागावर हमखास थबकत असे. पदवीनंतर मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कार्यालयात शिरायचे, एवढा बेत ठरलेला होता. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचा तोच होता. एक गोष्ट मात्र आता गमतीची वाटते. आमच्या कोणाच्याही रेंडरमध्ये कधी पाऊस पडलेला मी पाहिलेला नाही. ज्या प्रदेशात वर्षाचे चार महिने छत्रीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, तेथले विद्यार्थी आपल्या इमारती कायम डिसेंबरच्या सकाळी दहाच्या उन्हात उभ्या करतात.

आषाढातल्या त्या दिवशी मी कार्यालयाने दिलेल्या एका वयस्क मेस्त्रींबरोबर त्या घरी पोहोचले. दारात आम्हांला पाहून घरच्या आजींनी आत हाक मारली, "अरे, इंजिनियर बाई आली रे!" आर्किटेक्टला इंजिनियर म्हणण्याची रीत गोव्यात सर्वत्र आहे आणि तिला विरोध करण्यात अर्थ नसतो. शिवाय 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याखेरीज मला स्वतःला आर्किटेक्टही म्हणवून घेता येत नव्हते.

ज्याला बाहेरचे लोक गोव्याचे घर म्हणून ओळखतात, ते रस्त्याकडे तोंड करून बसलेले, शिंपल्यांच्या खिडक्यांचे आणि बाल्कांवाचे, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या सोप्याचे, असते. फोंड्याकडची जुनी हिंदू घरे त्याउलट आत पाहतात. बाहेरून लांबलचक चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत आणि मोजक्या खिडक्या, आत गेल्यावर ओसरी, मग चारही बाजूंनी खांबांच्या पडव्या आणि मध्ये आभाळाला उघडे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन. उजेड, वारा, धान्य वाळवणे, मुंजी, बारशी, सगळा व्यवहार त्या चौकात. छपराची आतली पाखी चौकाकडे उतरतात, त्यामुळे निम्म्या घराचा पाऊसही तेथेच येतो.

मोजमापाला आम्ही ओसरीपासून सुरुवात केली. लेझर मीटर सोबत होता, परंतु जुन्या घरात त्याच्यावर विसंबून चालत नाही, कारण भिंती फुगलेल्या असतात आणि कोपरे काटकोनात नसतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावे लागतात, नाहीतर कागदावर चौकोन सुबक दिसतो आणि प्रत्यक्षात तो तिरका निघतो. मापे तुकड्यातुकड्यांनी न घेता एका टोकाशी शून्य धरून सलग वाचायची असतात, म्हणजे छोट्या चुकांची बेरीज होत नाही. मेस्त्री टेपचे टोक धरीत, मी आकडे लिहीत असे आणि आजी खुर्चीत बसून आम्ही मोजलेल्या प्रत्येक खोलीत कोणाचा जन्म झाला ते सांगत. ती माहिती कच्च्या आराखड्यावर कोठे लिहावी हे मला कळेना. तरी समासात लिहून ठेवली.

उंच-सखलपणा मोजायला आम्ही पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरली. दोन टोकांतले पाणी एका पातळीला येते, एवढ्या साध्या तत्त्वावर कितीही आडवळणाच्या घरातल्या जमिनींची तुलना करता येते. राजांगणाची फरशी पडवीपेक्षा जेमतेम तीन इंच खाली निघाली. मला हे चमत्कारिक वाटले, कारण चौकाच्या कडेने असलेल्या खांबांचे घडीव दगडी तळखडे वरून पाहता अर्धवट दिसत होते. कोरलेल्या पट्ट्यांपैकी वरची पट्टी बाहेर आणि खालची फरशीत गडप. कोणताही कारागीर एवढ्या मेहनतीने कोरलेली पट्टी पुरण्यासाठी कोरणार नाही. म्हणजे जमीन नंतर चढवलेली होती.

आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "थोरल्या नातवाच्या मुंजीला पाहुणे येणार म्हणून टाइल्स घातल्या. आधी चिऱ्याची फरशी होती, पाय घासायचे. त्याच वेळी मागे न्हाणीघर बांधले आणि भिंतींना खालून सिमेंटचा गिलावा केला."

ही तीन कामे तीन वेगवेगळ्या वेळी झाली असती, तर कदाचित एवढे बिघडले नसते. एकाच हंगामात तिन्ही झाली, हे मला महत्त्वाचे वाटले आणि मी ते कागदाच्या मथळ्याशीच लिहिले.

दुपारचे जेवण आटोपते न आटोपते तोच पाऊस कोसळू लागला. चारही वळचणींवरून पागोळ्यांच्या ताणलेल्या दोऱ्या चौकात उतरल्या आणि थोड्याच वेळात टाइल्सवर पाणी साचून पडवीच्या कडेला टेकले. कोपऱ्यात एका जाळीखाली तीन इंची पीव्हीसी नळी होती. पाणी तिच्याभोवती घुटमळत होते, जात नव्हते. आजी म्हणाल्या, "पूर्वी पाणी आवाज करीत जायचे. आता नुसते बसते."

मेस्त्रींनी छत्री उघडली आणि मला म्हणाले, "बाय, हे पाणी बाहेर कुठे पडते ते बघूया." घराला वळसा घालून आम्ही कुळागराच्या बाजूला गेलो. न्हाणीघराच्या मागे, जोत्याच्या तळाशी, नेच्यांनी झाकलेले चिऱ्याचे एक चौकोनी तोंड त्यांना सापडले. खाली पोफळींच्या रांगांकडे गेलेला जुना पाट स्पष्ट दिसत होता. पाऊस इतका होता की शेजारी उभ्या मेस्त्रींचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. आणि ते तोंड आतून कोरडे होते. मेस्त्रींनी हात घालून मूठभर भुसभुशीत माती बाहेर काढली आणि माझ्या वहीच्या प्लास्टिकवर ठेवली.

त्या संध्याकाळी पडवीत बसूनच मी हिशेब मांडला. चौक सुमारे 15 चौरस मीटर, त्याच्याकडे उतरणारी पाखी धरून पाणी गोळा करणारे एकूण क्षेत्र सुमारे 62 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 100 मिलिमीटर पावसाच्या दिवशी, आणि असे दिवस आमच्याकडे दुर्मीळ नसतात, या चौकात 6,200 लिटर पाणी उतरते. हंगामाचा पाऊस 3,000 मिलिमीटर धरला तर आकडा 1,86,000 लिटरांवर जातो. पूर्वी हे सारे पाणी पडवीखालच्या दगडी पाटातून कुळागरात जाऊन पोफळींच्या मुळांना मिळत होते. पाट बुजल्यावर ते जोत्याखाली मुरू लागले. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवेने टणक होतो, पण पाणी शोषण्याचा गुण सोडत नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर उडून जाते. सिमेंटचा गिलावा तिला कोंडतो, म्हणून ती वाट शोधत वर चढते. देवघराच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा मी मोजला होता. गिलावा जेथे संपतो, त्याच्या बरोब्बर वर तो उमटला होता.

आणि ठरलेले छप्पर? ते हवा खेळावी म्हणून वळचणींच्या वर उचलून बसवायचे होते. म्हणजे त्याच्यावर पडलेले पाणी भोवतालच्या कौलांवर उतरणार आणि कौलांवरून पुन्हा त्याच चौकात. एका थेंबाचाही फरक पडणार नव्हता. पन्हळी लावून पाणी बाहेर न्यायचे तर नळ खोल्यांमधून न्यावे लागले असते, कारण आतली वळचण आढ्यापेक्षा खाली असते आणि पाणी आढे ओलांडत नाही.

वास्तुकार चार्ल्स कोरियांचे साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय आम्हांला अभ्यासाला होते. 1963 मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूत कौलारू छपरांच्या मधून जाणाऱ्या काँक्रीटच्या पन्हळी तुळईचेही काम करतात आणि पावसाचे पाणीही वाहून नेतात. परीक्षेत मी तिची आकृती काढून चांगले गुण मिळवले होते. तुळई आणि पन्हळ एकच करण्यामागे केवढा विचार असतो, हे त्या संध्याकाळी छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर आत कसे दिसेल तो नकाशा, काढताना हातात आले. आराखडा घराची मांडणी सांगतो, पण पाणी छेदातच दिसते. तेव्हापासून मी कोणत्याही इमारतीचा पहिला कागद छेदाचा काढते. कार्यालयातले सहकारी यावर हसतात.

कार्यालयातल्या सरांनी कागद शांतपणे पाहिले, दोन उंच्या पुन्हा तपासायला लावल्या आणि मालकांना भेटायला मलाच पुढे केले. घरी राहणाऱ्या काकांना हिशेब लगेच पटला. त्यांनी ते पाणी रोज पाहिलेले होते. मुंबईचे काका फोनवर फक्त खर्च विचारत होते. बंगळुरूचे काका मात्र व्हिडिओ कॉलवर अडून राहिले, कारण त्यांना ओलीपेक्षाही सुट्टीत आल्यावर चौकात सोफा टाकता यावा, ही इच्छा अधिक होती. ती इच्छा मला गैर वाटत नाही. घर वापरायचे असते. अखेर तडजोड अशी ठरली की पावसाळा संपल्यावर आधी पाट मोकळा करायचा, टाइल्स काढून जुनी पातळी परत आणायची, भिंतींचा खालचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा आणि छपराचा निर्णय पुढचा पाऊस पाहून घ्यायचा.

दिवाळीनंतर फरशी उचलली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले होते. पाट अखंड होता. नऊ इंच रुंद, वर चिऱ्याच्या लाद्या, आणि उतार जवळपास दर पाच फुटांना एक इंच. न्हाणीघराचा पाया त्याच्यावरून गेला होता, तेवढाच भाग चेपला होता. बाकी सगळी सुपारीच्या झावळ्यांची कुजलेली माती. मेस्त्रींनी चेपलेल्या भागाला वळसा देऊन पाट नव्याने जोडला. चुना बांधकामाला लावण्याआधी भिजत ठेवावा लागतो, हे मुंबईच्या काकांना समजावण्यात मात्र पाट खणण्यापेक्षा अधिक वेळ गेला.

मुंबईच्या कार्यालयांना पाठवायचा पोर्टफोलिओ मी अजून पाठवलेला नाही. वास्तुजतनाचे पदव्युत्तर शिक्षण अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये मिळते. तेथल्या प्रवेशाची तयारी सुरू केली आहे. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर हॉटेलऐवजी त्या घराचा छेद लावला. एका परीक्षकांनी तो पाहून विचारले, "यात तुझे डिझाइन कोठे आहे?" प्रश्न रास्त होता. मोजणे आणि दुरुस्त करणे येथवरच थांबायचे असेल, तर मेस्त्रींना माझी गरज नाही.

म्हणून अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी मी नव्या घरांचा विषय दिला आहे. एका सामाईक राजांगणाभोवती वाटण्या झालेल्या तीन भावांची तीन बिऱ्हाडे, प्रत्येकाला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र दार, पाण्याचा एकच पाट आणि तो कोणीही बांधकाम करून अडवू शकणार नाही अशा जागी, उघडून साफ करता येईल असा. न्हाणीघरे, सेप्टिक टाकी आणि विहीर यांच्या जागा नकाशावर पहिल्या आठवड्यातच पक्क्या झाल्या. सोफ्यासाठी आतल्या पडवीची रुंदी वाढवली आहे. तीन बिऱ्हाडांच्या तीन गाड्या कोठे उभ्या करायच्या, हे मात्र अजून सुटलेले नाही.