पिवळी बाटली

मे महिन्यातलं सोलापूर. डब्यातला बर्फ बघता बघता पाणी होत होता. पेशी रात्रभर सीरमविना, म्हणजे वाढीच्या संकेतांविना ठेवल्या, सकाळी पाच मिनिटं ईजीएफ हे वाढीचा संकेत देणारं प्रथिन दिलं, आणि संध्याकाळी ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांसारखी दिसतात त्या पडद्यावर, फॉस्फो-ईआरकेच्या (संकेत मिळाल्यावर फॉस्फेट जोडलेल्या ईआरके प्रथिनाच्या) जागी काही म्हणजे काही नाही. तिसऱ्यांदा.

एकूण ईआरकेचे 44 आणि 42 किलोडाल्टनचे दोन्ही बँड (पट्टे) मात्र ठसठशीत. म्हणजे प्रथिन होतं, त्याच्यावरचा फॉस्फेट तेवढा नव्हता. एका फॉस्फेटनं वजन वाढतं जेमतेम 80 डाल्टन. एवढासा फरक ओळखून फॉस्फेटवाल्या प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी महाग असते, आणि मी तिलाच दोष दिला. ब्लॉकिंग, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडद्याची रिकामी जागा झाकणं, दुधात केलं नव्हतं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं. बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, वापरलं होतं. मग राहिलं काय? ‘या पेशी ईजीएफला दाद देत नाहीत’ असं मी वहीत लिहूनही टाकलं.

वही बघून सर म्हणाले, “अगं, नळीत फॉस्फेट उरला होता का, ते आधी बघ. पेशी थेट उकळत्या लोडिंग बफरमध्ये फोड.”

त्या उकळीत पेशीतली एन्झाइम्स जागच्या जागी निकामी होतात. दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि दोन्ही बँड उमटले. मी थरथरत वहीतली ती ओळ खोडली.

फॉस्फेट माझ्याच हातात निसटत होता. पेशी फुटली की तिच्यातले फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट तोडणारी एन्झाइम्स, मोकाट सुटतात. बर्फानं ते मंदावतात, थांबत नाहीत. थांबवायला बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट असतं, आणि ते तर मी न चुकता घालत होते.

व्हॅनाडेटची बाटली खिडकीपाशी धरली. पिवळी! रोज हाताळत होते आणि रंग बघितला नव्हता. पिवळा रंग म्हणजे रेणू एकमेकांना जोडून डेकाव्हॅनाडेट झालेलं. ते टायरोसिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट तोडणाऱ्या फॉस्फटेजना नीट अडवत नाही. आमच्या अँटीबॉडीला तर ईआरकेतल्या थ्रिओनिन आणि टायरोसिन, या दोन्ही अमिनो आम्लांवर फॉस्फेट लागतो. खरं तर व्हॅनाडेटचं द्रावण पीएच 10 वर आणून रंग जाईतो उकळायचं, गार करून पीएच पुन्हा जुळवायचा, पुन्हा उकळायचं. मी घाईत एकदाच उकळलं होतं.

नव्या व्हॅनाडेटनं नेहमीच्या पद्धतीतही बँड आले. तरी सरांनी मेम्ब्रेनची, म्हणजे ब्लॉटच्या पडद्याची, एक पट्टी लॅम्डा फॉस्फटेज या फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवायला लावली. त्या पट्टीवरचे बँड गेले, शेजारच्या पट्टीवरचे राहिले. दोन्ही पट्ट्यांचे फोटो मी त्या खोडलेल्या ओळीखाली चिकटवले.